क्लोरोबेंझिनची ओळ

एखादा शोधनिबंध, म्हणजे पेपर, छापण्याआधी तपासून द्यायचा, त्या रिव्ह्यूचं आमंत्रण नियतकालिकाकडून येतं तेव्हा हातात फक्त शीर्षक आणि गोषवारा असतो. स्वीकारल्याशिवाय पूर्ण पेपर उघडत नाही. आपले हितसंबंध आड येतात की नाही, ते तेवढ्या दहा-बारा ओळींवरून ठरवायचं. त्या दिवशी आलेला गोषवारा अगदी सरधोपट होता. सॅलिसिलाल्डिहाइडपासून केलेले शिफ बेस नावाचे सेंद्रिय रेणू, ते तांब्याला जोडून केलेली सहा संयुगं, म्हणजे कॉम्प्लेक्स, आणि हवेतल्या ऑक्सिजनने अल्कोहोलचं आल्डिहाइड करताना त्यांचा उत्प्रेरक म्हणून उपयोग. लेखक परदेशातले, नावं अनोळखी. त्यांच्याबरोबर कधी काम केलेलं नाही, कधी भांडणही नाही. विषय माझाच होता, पण आपल्याकडे केमिस्ट्रीचा विभाग आहे आणि तिथे कुणी शिफ बेस करत नाही, असं कॉलेज शोधूनही सापडायचं नाही. मी स्वीकारलं. (रेणू आणि सॉल्व्हंट यांची नावं इथे बदलून लिहिली आहेत, शीर्षकातल्यासकट. कारण पुढे येईलच.)

दुपारी एमएस्सीचं प्रॅक्टिकल संपवून केबिनमध्ये आले, चहा मागवला आणि पीडीएफ उघडली. पहिली तीन कॉम्प्लेक्स वाचून झाली. चौथ्याची आकृती बघितली आणि कप खाली ठेवला. ते माझ्या विद्यार्थिनीचं कॉम्प्लेक्स होतं. म्हणजे चोरलेलं वगैरे अजिबात नाही. त्यांनी त्यांच्या वाटेने केलं होतं, आम्ही आमच्या. पण लिगंड, म्हणजे धातूला धरून ठेवणारा रेणू, तोच, त्यावरचे दोन टर्शरी ब्युटाइल गट त्याच जागी, धातू तोच.

आमचं काय अडलं होतं ते सांगायला हवं. एखाद्या रेणूची रचना अमुक आहे असं छातीठोकपणे म्हणायचं तर त्याचा एक चांगला स्फटिक लागतो. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढा असला तरी चालतो, पण अखंड, स्वच्छ हवा. त्यावर एक्स-रे सोडले की अणू कुठे कुठे बसलेत ते कळतं. ही मोजणी आता यंत्र काही तासांत करतं. स्फटिक मिळवणं मात्र अजूनही निम्मं शास्त्र आणि निम्मा नवस आहे. माझी विद्यार्थिनी वर्षभर त्याच्या मागे होती. काचेच्या छोट्या व्हायल, तोंडाला पॅराफिल्म, पॅराफिल्मला सुईने पाडलेली भोकं, प्रत्येकीवर तारीख आणि सॉल्व्हंटची जोडी. डायक्लोरोमिथेन-हेक्झेन. असिटोनायट्राइल-ईथर. डीएमएफ. मिथेनॉल. फ्रीजचा एक कप्पा तिचाच होता. तळाशी जमायची ती हिरवी रांगोळी, नाहीतर काचेला चिकटलेलं तेल. दर सोमवारी ती दारात यायची आणि विचारायची, “मॅडम, आता काय लावू?” मी दोन-तीन जोड्या सांगायचे, ती लिहून घ्यायची.

आता त्या पेपरच्या पुरवणी माहितीत, कॉम्प्लेक्स चारच्या परिच्छेदाच्या शेवटी, एक ओळ होती. क्लोरोबेंझिनमध्ये विरघळवून वर पेंटेनचा थर द्यावा आणि चार अंशांवर हलवू नये. सोबत स्फटिकाचा आराखडा, आणि केंब्रिजच्या संग्रहात जमा केलेल्या रचनेचा क्रमांक. पेपर छापून येईपर्यंत ती रचना तिथे बंद असते, बाहेरच्या कुणाला दिसत नाही. मला दिसत होती.

तो सोमवार नव्हता, एवढंच त्यातल्या त्यात बरं.

अशा वेळी काय करायचं हे लिहून ठेवलेलं आहे. १९९७ मध्ये ब्रिटनमधल्या काही वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी एकत्र येऊन सुरू केलेली ‘कोप’ नावाची समिती आहे. रिव्ह्यूअरने कसं वागावं याची तिची मार्गदर्शक तत्त्वं बहुतेक मोठी नियतकालिकं मानतात. आपण स्वतः तसाच पेपर तयार करत असू, तर रिव्ह्यू करू नये. मधेच लक्षात आलं तर ताबडतोब संपादकाला सांगावं. वाचलेलं कुणाला सांगू नये, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या फायद्यासाठी वापरू नये. मला यात विचार करायला फार जागा नव्हती. चहा गार व्हायच्या आत संपादकांना पत्र गेलं: ‘आमच्या गटात कॉम्प्लेक्स चारवरच काम चालू आहे, गोषवाऱ्यावरून हे कळण्यासारखं नव्हतं, मी पुरवणी माहितीसह पेपर वाचला आहे, मला यातून मोकळं करावं.’ मुद्दाम ‘वाचला आहे’ असं लिहिलं. ‘उघडला’ म्हणून भागलं असतं, पण ते अर्धसत्य झालं असतं.

न लिहिता काय काय करता आलं असतं, तेही सांगते. आमच्या व्यवसायात ते सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी बोलत नाही. पेपर तीन आठवडे तसाच ठेवायचा, स्मरणपत्र आलं की ‘आजारी होते’ म्हणायचं. किंवा चार जादा प्रयोग मागायचे, म्हणजे लेखक दोन-तीन महिने तरी अडकतात. कारण शास्त्रीयच दिसतं, सही कुणाची ते लेखकांना कधीच कळत नाही. १९७८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या हेलेना रॉडबार्ड या तरुण संशोधिकेने अॅनोरेक्सियाच्या रुग्णांमधल्या इन्सुलिनवर लिहिलेला पेपर न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनकडे पाठवला. तो रिव्ह्यूला गेला येलमधल्या एका ज्येष्ठ प्राध्यापकाकडे. त्यांनी तो आपल्या हाताखालच्या सहकाऱ्याला दिला, आणि तिकडून ‘नाकारावा’ असा शेरा गेला. पुढे त्या दोघांचा स्वतःचा पेपर त्याच विषयावर दुसऱ्या नियतकालिकात गेला. तिथल्या संपादकाने तो रिव्ह्यूसाठी रॉडबार्ड यांच्याच वरिष्ठांना पाठवला आणि वरिष्ठांनी वाचायला दिला त्यांना. त्यांना त्यात स्वतःचीच वाक्यं सापडली. १९८० मध्ये चौकशी होऊन आकडेसुद्धा बनावट निघाले आणि पेपर मागे घ्यावे लागले. एक योगायोग झाला म्हणून हे उघडकीला आलं. तसा योगायोग न झालेली प्रकरणं किती, हे कोण मोजणार?

पत्र गेलं तरी माझी अडचण संपली नव्हती, उलट तिथून पुढे सुरू झाली.

आमच्या समोरच्या लॅबमधले एक सर आहेत, माझ्याहून ज्येष्ठ, स्पष्टवक्ते. कुठला पेपर, कोणता रेणू, कोणतं सॉल्व्हंट यातलं काही न सांगता मी त्यांना एवढंच विचारलं, की रिव्ह्यूमध्ये आपल्या कामाची गोष्ट दिसली तर विद्यार्थ्याला सल्ला कसा द्यायचा? ते हसले. “अहो मॅडम, सॉल्व्हंट काय कुणाच्या बापाचं असतं का? बाटल्या शेल्फवरच आहेत. उद्या तुमच्या मुलीने स्वतःहून लावलं असतं तर?”

बरोबर आहे. तिने स्वतःहून लावलं असतं तर ते तिचं होतं. पण दर सोमवारी सॉल्व्हंट सुचवणारी मीच. क्लोरोबेंझिन आधी माझ्या डोक्यात होतं का? पुढच्या महिन्यात आलं असतं का? मी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं आणि मला सांगता येईना. आता ते सुचवलं तर ढापलेलं. बेंझिनसारखी सगळी सॉल्व्हंट कटाक्षाने टाळली तर मी तिला जाणूनबुजून चुकीच्या दिशेला पाठवतेय. ‘क्रिस्टल सोड, आहे तेवढ्यावर पेपर पाठवून दे’ असं म्हणणं तर सगळ्यात सोयीचं, आणि तेच सगळ्यात मोठं गैर. ती घाई मला त्या पीडीएफमुळेच सुचली असती. दिवाळीपर्यंत स्फटिकाची वाट बघायची, असं आमचं आधीच ठरलं होतं. म्हणजे दिवाळीपर्यंत वाट बघणंच भाग होतं.

तिची राज्य सरकारच्या ‘सारथी’ संस्थेची फेलोशिप संपत आली होती, हेही मला माहीत होतं. पीएचडीच्या प्रबंधाआधी पेपर छापलेला हवा ही सक्ती यूजीसीने २०२२ च्या नियमावलीत काढून टाकली. पण नोकरीच्या मुलाखतीत पहिला प्रश्न ‘पेपर किती?’ हाच असतो, तो कुठल्या नियमावलीने काढायचा?

शेवटी त्याच सरांना मी एक विनंती केली. या मुलीच्या स्फटिकांचं काम यापुढे तुम्ही बघा, मला काही सांगू नका, मी काही विचारणार नाही. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि “बरं” म्हणाले. तिची लॅब नोटबुक मागवून शेवटच्या लिहिलेल्या पानाखाली त्यांनी रेघ मारली, सही केली, तारीख घातली. त्याआधीचं सगळं तिचं आणि माझं, त्यानंतरचं तिचं आणि त्यांचं.

तिला बोलावलं. म्हटलं, “क्रिस्टलसाठी आता समोरच्या सरांना विचारत जा. बाकी सगळं माझ्याकडेच.”

“मॅडम, माझं काही चुकलं का?”

“नाही गं. तुझं काही नाही.”

“मग?”

“मग काही नाही. कारण सांगता येत नाही.”

तिला ते पटलं नाही. पटण्यासारखं नव्हतंच. पुढचे काही आठवडे लॅबमध्ये कुजबुज होती, की मॅडमचा इंटरेस्ट गेला, मॅडम आता नव्या प्रोजेक्टच्या मागे आहेत. मी ऐकून घेतलं. कोपच्या तत्त्वांत रिव्ह्यूअरने काय करावं हे आहे, संपादकाने काय करावं याचे तर तक्तेच्या तक्ते आहेत. रिव्ह्यूअर नियमाने वागल्यावर त्याची किंमत तिसऱ्याच कुणाला, तेही नकळत मोजावी लागली तर काय, यावर एक ओळ नाही. मला तेव्हा त्याचा राग आला होता आणि अजूनही तो पूर्ण गेलेला नाही. मी रिव्ह्यू न करताही माझं काही बिघडत नव्हतं. माझी प्रोफेसरशिप शाबूत होती.

मी पत्र पाठवलं त्याच संध्याकाळी संपादकांचं उत्तर आलं होतं. आभार, फाइल डिलीट करावी, तुमच्या गटाने स्वतंत्रपणे चालवलेलं काम थांबवण्याची गरज नाही, आणि जमल्यास दुसऱ्या रिव्ह्यूअरची नावं सुचवावीत. हे शेवटचं वाचून मी थबकलेच. ज्या पेपरमध्ये माझे हितसंबंध आहेत, त्याचा परीक्षक मी निवडायचा? खडूस म्हणून प्रसिद्ध असलेली दोन नावं तर माझ्या जिभेवरच होती. सुचवलेल्या नावांनी काय होतं हे प्रकाशनाच्या जगाने २०१२ मध्ये पाहिलं आहे. दक्षिण कोरियातल्या एका संशोधकाने स्वतःच्या पेपरांसाठी रिव्ह्यूअर सुचवले आणि त्यांचे ईमेल पत्ते स्वतःकडेच येतील अशी सोय केली. शेरे चोवीस तासांच्या आत यायला लागले, तेव्हा संपादकाला संशय आला. वेळेवर शेरा देणारा रिव्ह्यूअर म्हणजे नक्की काहीतरी गडबड, हे त्या संपादकाने बरोबर ओळखलं! मी ‘नावं सुचवणं योग्य होणार नाही’ असं कळवलं, फाइल डिलीट केली, डाउनलोडच्या फोल्डरमधली दुसरी प्रतही काढली.

दिवाळी झाली. सरांनी त्यांच्या पद्धतीने जोड्या लावल्या. बरंच काही लावलं असणार, मी विचारलं नाही. स्फटिक आला नाही. नाताळच्या सुमारास तो पेपर ऑनलाइन आला. ती मोबाइल घेऊन धावतच आली.

“मॅडम, कॉम्प्लेक्स चार बघा. आपलंच आहे. क्लोरोबेंझिन, मॅडम! आपण कसं नाही लावलं?” मग माझ्याकडे बघत हळू आवाजात, “तुम्हाला आधी माहीत होतं?”

“रिव्ह्यूला काय येतं आणि काय येत नाही याबद्दल मी कुणाशी बोलत नाही. तुझ्याशीही नाही.”

“म्हणजे होतं.”

मी त्यावर काही बोलले नाही. त्यानंतर दोन-तीन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. मग एके सकाळी ईपीआरचे, म्हणजे तांब्याची अवस्था दाखवणाऱ्या चाचणीचे, सगळे आलेख टेबलावर पसरून बसली. रचना त्यांची, त्यांचा संदर्भ देऊन घ्यायची. पण उत्प्रेरण होत असताना तांब्याचं काय होतं, हे त्यांनी पाहिलेलं नव्हतं आणि आमच्याकडे पवईच्या आयआयटीतल्या ‘सैफ’ या उपकरण केंद्रातून करून आणलेला सगळा डेटा होता. पेपर त्यावर झाला. आधी ठरवलेल्या नियतकालिकात नाही, त्याहून दोन पायऱ्या खालच्या.

व्हायव्हाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिसरा चॅप्टर उघडून विचारलं, “इथे दुसऱ्यांचा स्फटिक का वापरलाय? तुम्हाला का नाही मिळाला?”

ती म्हणाली, “सर, आम्ही क्लोरोबेंझिन लावलं नाही.”

“का? गाइडनी सुचवलं नाही?”

“तेव्हा मॅडम क्रिस्टलचं काम बघत नव्हत्या, सर. सहीसकट तारीख नोटबुकमध्ये आहे, दाखवू का?”

“नको, नको,” म्हणत त्यांनी पान उलटलं आणि ईपीआरमधल्या एका शिखराबद्दल विचारलं. त्याचं उत्तर तिला पाठ होतं.