माझा अनुभव : मावशीचं बिनशिक्क्याचं ब्रेसलेट आणि सोनं तपासणारी खिडकी

आधीच सांगते, इमिटेशनचा जुना दागिना कुठला आहे हे शोधायचं असेल तर सोनं तपासायच्या सेंटरवर अजिबात जाऊ नका. मी गेले, आणि अजून आठवलं की डोकं तापतं.

ब्रेसलेट मावशीचं. काका मर्चंट नेव्हीत होते, कुठल्यातरी बंदरातून आणलेलं. मावशी म्हणते लंडन, मामा म्हणतो हाँगकाँग आणि वहिनीच्या मते सरळ भुलेश्वर. मधाच्या रंगाचे लांबट खडे, मध्ये हिरवे, कडेला इंद्रधनुष्यासारखे चमकणारे बारीक खडे. नाव नाही, शिक्का नाही, नंबर नाही.

कोणीतरी म्हणालं मशीनवर टाक, धातू कळला की देश कळतो. म्हणून झवेरी बाजारातल्या एका सेंटरवर गेले. जिन्यात रांग, टोकन हातात, आणि दुकानांची पोरं पाकिटं घेऊन येतात आणि सरळ आत, त्यांना टोकनबिकन काही नाही. माझा नंबर आला तर फॉर्म. वस्तू सोन्याची का चांदीची? कॅरेट किती? मी म्हटलं, दादा, बहुतेक पितळ आहे. "मग इथे कशाला आणलंत?" मी म्हटलं 'माहीत नाही' असं लिहा ना, तर म्हणे कॉम्प्युटर घेत नाही, रकाना भरल्याशिवाय पावतीच निघत नाही. साहेबांना विचारून सांगतो. साहेब जेवायला गेलेले. साहेब आले, ब्रेसलेट हातात घेतलं, उलटं-सुलटं केलं आणि म्हणाले, "मागून जरा घासून बघतो." मी अक्षरशः हातातून ओढून घेतलं. एवढी वर्षं जपलेला मुलामा, आणि हा कसोटीवर घासणार! शेवटी फॉर्मवर 'सोनं' लिहिलं तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली, आणि मशीनचं काम म्हणाल तर चहा संपायच्या आत झालं.

रिपोर्ट काय? तांबं, जस्त, आणि सोनं अगदी नावाला. म्हणजे पितळेवर मुलामा, जे मी खिडकीवर सांगतच होते. हे एक्सआरएफ मशीन, म्हणजे क्ष-किरणांनी धातू ओळखणारं, वरचा पातळ थर वाचतं, आणि पितळ अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्सचं असो, चेकमधल्या याब्लोनेत्सचं असो नाहीतर आपल्या मालाडचं, तांबं-जस्तच दाखवणार. देश त्यात कुठून दिसणार? पैसे घेतले ते घेतलेच, वर ऐकवलं, "मॅडम, याला काही व्हॅल्यू नाही."

खरी वाट चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवरच्या एका चाचांनी दाखवली. "सामने से मत देखो, पीछे से देखो." मग घरी दहा पॉवरचं भिंग घेऊन बसले. पाच मोठ्या पट्ट्या, एकमेकींना जोडलेल्या. लांबट खडे मागून उघडे, उजेड आरपार. आणि मागे झाळ, म्हणजे जोडायला वितळवून लावलेला धातू, अशी पसरलेली की जणू मेणबत्ती ओघळलीय. हे सगळं न्यूयॉर्कच्या डिलिझ्झा अँड एल्स्टरकडे बोट दाखवतं. 1947 ला सुरू झालेली कंपनी, दुसऱ्यांच्या ब्रँडसाठी माल बनवायची म्हणून स्वतःचं नाव टाकतच नव्हती. 1967-68 च्या सुमारास काही मालाला ज्युलियाना नावाचा कागदी टॅग असायचा, तो काय, पहिल्याच दिवशी तोडून टाकणार कोणीही. म्हणून जगभर या मालाला ज्युलियानाच म्हणतात. पाच पट्ट्यांची नक्कल बाकीच्यांनीही केली, तेव्हा एका खुणेवर उड्या मारू नका, तीन-चार जुळल्या तरच बोला. माझ्या जुळल्या. मामाला फोन करून हे सांगताना जी मजा आली ती वेगळीच.

वर्षाचं म्हणाल तर ते इंद्रधनुषी खडे म्हणजे अरोरा बोरिअ‍ॅलिस, तो लेप खडे बनवणाऱ्या स्वारोवस्की कंपनीने 1956 मध्ये डिऑर या फॅशन हाऊसबरोबर आणला, म्हणजे तसे मूळचे खडे असलेला दागिना त्याआधीचा नसणारच. पण खडा नंतर बदललेला नाही ना ते बघा, शेजारच्या खड्यांपेक्षा गोंद वेगळा पिवळा दिसतो. आणि नाव नसलं तरी © असेल तर खूश व्हा, 1955 मध्ये ट्रायफारी या अमेरिकन दागिने कंपनीने कॉपीराइटची केस जिंकली, त्यानंतर कंपन्या ते चिन्ह सर्रास टाकायला लागल्या, म्हणजे दागिना बहुतेक त्यानंतरचा. अमेरिकन डिझाइन पेटंटमध्येही शोधता येतं, पण 1976 च्या आधीची शब्द टाकून नीट सापडत नाहीत, बहुतेकदा नंबर किंवा वर्गवारीच लागते, आणि चित्रं बघून बघून डोळे जातात. मी अर्ध्यात सोडलं.

हो, आणि पाण्यात बुडवू नका. बऱ्याच खड्यांच्या मागे चंदेरी वर्ख असतो, पाणी शिरलं की खडा काळा पडतो तो कायमचा. कोरडा मऊ टूथब्रश पुरे. सेंटरवाल्याने रिपोर्ट देताना विचारलंच होतं, अल्ट्रासॉनिकमध्ये, म्हणजे पाण्यात बुडवून कंपनांनी धुणाऱ्या मशीनमध्ये, टाकून देऊ का, चमकेल, फक्त चार्ज वेगळा पडेल.