सेकंडहँड गाडी घेतलीय, आधी काय करून घेऊ?

"ताई, सेकंडहँड गाडी घेतलीय, आधी काय करून घेऊ?" ऑफिसच्या पार्किंगमध्ये, नात्यात, सोसायटीच्या गेटवर मला मोटरसायकलबद्दल हे इतक्या वेळा विचारलं जातं, की एकदा नीट लिहूनच टाकते. विचारणाऱ्याच्या डोक्यात बहुतेक वेळा नवं सीट कव्हर आणि गॅरेजमधली 'फुल सर्व्हिसिंग' असते. माझं म्हणणं असं, की ब्रेक, टायर आणि ऑइल त्याच दिवशी बघा; बाकी आठ दिवस गाडी नुसती चालवा आणि आधीच्या मालकाच्या अंगवळणी काय पडलं होतं ते शोधा.

हे मला माझ्याच गाडीपायी कळलं. 2021 मध्ये वाईच्या एका काकांकडून मी शंभर सीसीची, 2010 सालची गाडी घेतली. काका अगदी सरळ माणूस. गाडी नावावर करायच्या 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर त्यांनी त्याच दिवशी सह्या केल्या. किल्ली देताना म्हणाले, "चोक ओढायचा, जरा वेळ रेस द्यायची, मग काही त्रास नाही बघ." निघाले. हायवेला गाडी मस्त पळाली. शिरवळला चहासाठी वेग कमी केला, तर बंद. चालू केली, परत बंद. रेस धरून ठेवली तरच चालू राहायची.

काकांनी काही लपवलं नव्हतं. सिग्नलला मूठ पिळून धरायची त्यांच्या हाताला इतकी सवय झाली होती, की त्यांच्या दृष्टीने तो दोषच उरला नव्हता. जुन्या गाडीतले बारीकसारीक दोष बहुधा असेच आपल्या हातात येतात. म्हणून घेताना "गाडीत काही प्रॉब्लेम आहे का?" असं विचारू नका, त्याचं उत्तर "नाही" असंच येतं. "सकाळी चालू कशी करता?" असं विचारा.

आता त्या बंद पडण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त विचारणा त्याचीच होते. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग. त्यात पेट्रोल सोडणाऱ्या दोन बारीक नळ्या, म्हणजे जेट असतात. गाडी जागच्या जागी चालू असते तेव्हा पेट्रोल मुख्यतः स्लो जेटमधून येतं आणि मूठ पिळली की मेन जेटमधून. त्यामुळे पळताना ठणठणीत आणि उभी राहिली की बंद, अशी गाडी असेल तर पहिला संशय स्लो जेटवर. माझ्या गाडीचा आयडलिंगचा स्क्रू, म्हणजे मूठ सोडल्यावर इंजिन किती वेगाने चालावं ते ठरवणारा, कुणीतरी पार आत फिरवून ठेवला होता. तोही पुरत नव्हता.

रविवारी सकाळी पेट्रोलचा कॉक बंद केला आणि कार्बोरेटरची खालची वाटी उघडली. तळाला तांबूस गाळ होता, तांब्याच्या तळाशी गढूळ पाणी निवल्यावर राहतो तसा. स्लो जेट म्हणजे करंगळीच्या पेरापेक्षाही लहान पितळी नळी. ती काढून उजेडाकडे धरली. साफ जेटमधून सुईच्या टोकाएवढा प्रकाशाचा ठिपका दिसतो. माझ्या जेटमध्ये मिट्ट काळोख. कार्बोरेटर क्लीनर मारून ती अर्धा तास ठेवली, मग वायरमधली तांब्याची एकच तार काढून हलक्या हाताने आरपार केली. टाचणी किंवा सुई कधीही घालू नका. पितळ मऊ असतं, भोक रुंदावलं की गाडी पेट्रोल पीत राहते आणि जेट नवी घ्यावी लागते. तार पलीकडे निघाली, तो ठिपका दिसला, तेव्हा मला खरोखर आनंद झाला. आयडलिंगचा स्क्रू हळूहळू मागे आणला आणि गाडी शांत, एका लयीत चालू राहिली.

पण गाळ आला टाकीतून. टाकी आणि कॉकची जाळी साफ केली नाही, तर महिनाभरात जेट परत बुजते. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा ओढतं. महिनोन्महिने उभ्या गाडीची टाकी आतून गंजायला तेवढं निमित्त पुरतं. अशी गाडी घेतली असेल तर जुनं पेट्रोल आधी काढून टाका. 1 एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 (प्रदूषणाच्या नव्या नियमाच्या) गाड्यांत बहुतेक ठिकाणी कार्बोरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आहे, तिथे हा उपाय नाही; ती स्कॅनर असलेल्या गॅरेजला दाखवा.

एका दिवशी एकच दुरुस्ती करा, याबाबत मी हट्टी आहे. प्लग, एअर फिल्टर आणि कार्बोरेटर एकदम केलं तर गुण कशाचा आला ते कळत नाही, आणि दोष परत आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

टायरची नक्षी शाबूत दिसली तरी बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचा. 2314 म्हणजे 2014 सालचा 23वा आठवडा. इतक्या जुन्या टायरचं रबर कडक होतं, पावसात घसरतं. तिथे पैसे वाचवू नका. मेन स्टँडवर गाडी लावून पुढचं चाक उचला आणि हँडल सावकाश फिरवा. मधोमध खटकन अडलं, तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेलाय. चेन बघताना मागचं चाक पूर्ण फिरवत सगळीकडे ताण तपासा. एका जागी सैल आणि दुसरीकडे ताठ असेल तर नुसती आवळून उपयोग नाही, स्प्रॉकेटसकट पूर्ण सेट बदलावा लागतो. इंडिकेटर लागत नसेल तर बल्ब घ्यायच्या आधी अर्थिंगचा गंज पॉलिश पेपरने घासून बघा. स्प्लेंडर, प्लॅटिना, शाइन यांचे पार्ट तालुक्याच्या गावीही मिळतात. पुण्यात असाल तर नाना पेठेत एक चक्कर मारा, जुना पार्ट हातात घेऊनच.

दिवाळीत फराळाचा डबा घेऊन वाईला गेले. निघताना काका फाटकापर्यंत आले. मी किक मारली आणि मूठ सोडून हातमोजे घालत बसले. काका गाडीकडे बघत थोडा वेळ उभे राहिले, मग वाकून त्यांनी चोकच्या खटक्याला हात लावून पाहिला.

"हा ओढला नाहीस?"

"नाही काका, आता लागत नाही."