चंद्रभागेकडून महाद्वाराकडे

दशमीला वाखरीहून सगळ्या संतांच्या पालख्या पंढरपूरकडे निघतात, आणि माउलींच्या सोहळ्यातील आमच्या दिंडीला ते थोडकेच अंतर कापायला रात्र झाली.

पंढरपुरात देवाकडे जाण्याचा क्रम ठरलेला आहे. एकादशीच्या पहाटे विणेकऱ्यांमागून आम्ही चंद्रभागेत उतरलो, स्नान करून वाळवंटातील भक्त पुंडलिकाच्या समाधीवर माथा टेकला आणि मगच महाद्वाराचा घाट चढलो. आधी नदी, मग भक्त आणि शेवटी देव, या क्रमात मला वारकरी संप्रदायाचे सगळे तत्त्वज्ञान दिसते. पुराचे पाणी चढले की हे पुंडलिकाचे मंदिर बुडते, पण त्याला काठावर हलवावे असे कुणाला वाटलेले नाही.

महाद्वारी नामदेव पायरी आहे. संतांची पायधूळ आपल्यावर पडावी म्हणून नामदेवांनी ही जागा मागितली, असे परंपरा सांगते. वारकरी मात्र तिच्यावर पाय न ठेवता हात लावून नमस्कार करतात. पायरीसमोरच चोखोबांची समाधी आहे. त्यांना हयातीत देवळात प्रवेश नव्हता, आणि त्यांच्यानंतरही दलितांसाठी ते दार शतकानुशतके बंदच राहिले. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले, तेव्हा ते उघडले. समतेचे अभंग रोज गाणाऱ्या गावाला यासाठी उपोषणाची वाट पाहावी लागली, याचा विसर पडू नये असे मला वाटते.

एकादशीला आम्ही दर्शनबारीत उभे राहिलो नाही. नगरप्रदक्षिणा आणि कळसाचे दर्शन झाले की बहुतेक वारकऱ्यांची वारी पोहोचते. पौर्णिमेला गोपाळपूरचा काला झाल्यावर दिंडी परतली. मी मागे राहिलो आणि पदस्पर्शाच्या रांगेतून आत गेलो. इथे कोणत्याही भाविकाला देवाच्या पायांवर थेट डोके ठेवता येते.

मंदिरातील 1237 चा शिलालेख होयसळ राजा सोमेश्वराच्या दानाचा आहे, तर यादव राजा रामदेवरावाच्या काळातील, 1273 ते 1277 मधल्या लेखात देणगीदारांची नोंद आहे. या दुसऱ्याला चौऱ्यांशीचा शिलालेख म्हणतात आणि चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकावा म्हणून यात्रेकरू त्यावर पाठ घाशीत. अभ्यासकांच्या दृष्टीने हा प्रकार काळजीचा असला, तरी लेख लोकांच्या लक्षात राहिला तो त्यामुळेच.

यात्राकाळात देवाचा पलंग काढून ठेवतात, शेजारती होत नाही आणि देव रात्रंदिवस उभा असतो, म्हणून त्याच्या पाठीशी लोड देतात. पुढे प्रक्षाळपूजेला पायांना लिंबू-साखर चोळतात, गरम पाण्याने स्नान घालतात, आणि रात्री शिणवटा जावा म्हणून काढ्याचा नैवेद्य दाखवून पलंग पुन्हा शेजघरात मांडतात.