देवबागच्या लाटा आणि तीन युनिट वीज

मालवणात घरी बसून मी देवबागच्या किनाऱ्यासाठी लाटांचं गणित चालवतो. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. पावसाळ्यात तिच्यावर लाटा कुठल्या दिशेने, किती जोरात येतात ते बघायचं. सॉफ्टवेअर डेल्फ्ट विद्यापीठाचं 'स्वान', फुकट मिळतं. टेबलाखालचं मशीन मात्र पूर्ण भारावर तीनशेक वॅट खातं. दहा तासांची रात्र म्हणजे तीन युनिट. आईचं म्हणणं एवढंच, "रातभर ह्या काय घुमता? बिल कोण भरतलो?"

प्रश्न रास्त आहे. ही वीज बेरीज-गुणाकारात फारशी जातच नाही. स्टॅनफर्डचे चिपतज्ज्ञ मार्क हॉरोविट्झ यांनी 2014 मध्ये 45 नॅनोमीटर चिपसाठी मांडलेले आकडे बघा: 32 बिटांच्या एका बेरजेला जेमतेम एक पिकोज्यूल (ऊर्जेचं अगदी चिमुकलं माप), आणि तेवढाच आकडा मुख्य मेमरीतून आणायला सहाशेच्या वर. नारळापेक्षा टेम्पोचं भाडंच जास्त! त्यात स्वान समुद्रावर चौकटींची जाळी टाकतं आणि तिच्या प्रत्येक बिंदूवर लाटांच्या 36 दिशा आणि तीसेक वारंवारिता, हजारावर आकडे. प्रोसेसरचे सोळाच्या सोळा कोर, म्हणजे गणित करणारे भाग, लावले तरी निम्म्यांनंतर वेग वाढत नाही, सगळे मेमरीच्या दारात ताटकळतात. सॉकेटवरचा मीटर मात्र चढतच राहतो. आता मी आठच लावतो.

प्रोसेसरच्या घड्याळाचा, म्हणजे त्याच्या ठोक्यांचा, वेगही थोडा उतरवतो. त्याबरोबर व्होल्टेजही उतरतं. व्होल्टेज कमी झालं की खर्च त्याच्या वर्गाने घटतो. पण फार उतरवूनही चालत नाही, कारण काम रेंगाळतं आणि पंखे, डिस्क, रॅम तेवढा वेळ फुकटचे जागे राहतात.

खरी उधळपट्टी जाळीत असते. चौकटीची बाजू निम्मी केली की बिंदू चौपट, वेळेची पायरीही निम्मी केली तर काम आठपट. म्हणून बारीक जाळी फक्त संगमापाशी, बाहेर खोल समुद्रात जाडीभरडी. संगमापाशी वाळू दर पावसाळ्यात सरकते, पाण्याच्या खोलीचा आकडाच मीटरभर इकडेतिकडे. त्यावर पंधरा अंकी अचूकतेचा थाट कशाला?

युरोपच्या हवामान केंद्राने, ईसीएमडब्ल्यूएफने, 2021 मध्ये आपल्या मॉडेलमधले आकडे 64 बिटांवरून (पंधराएक अंक) 32 बिटांवर (सातेक अंक) आणले. वाचलेल्या वेळेत एन्सेम्बल अंदाजातले (थोड्या फरकाने अनेकदा चालवलेल्या अंदाजातले) वातावरणाचे थर 91 वरून 137 केले. म्हणजे वाचवलं ते लगेच खर्चूनही टाकलं. मला त्यांना हसायचा अधिकार नाही, माझंही तसंच चालतं.

आमच्याकडे मात्र सगळ्यात जास्त वीज वाचवते ती हॉटफाईल, म्हणजे गणित जिथवर आलं ती स्थिती साठवलेली फाईल; तिथूनच ते पुढे चालू करता येतं. जुलैत पहाटे कुठेतरी खांबावरच्या तारेचा जंपर तुटतो, लाईट जाते, इन्व्हर्टरवर फक्त पंखा आणि दिवे, आणि हॉटफाईल नसेल तर रात्रभरचं गणित पुन्हा पहिल्यापासून. म्हणून मॉडेलमधले सहा तास झाले की स्थिती डिस्कवर उतरते. फाईल अवाढव्य असते, त्यामुळे शेवटच्या दोनच ठेवतो. लिहिता लिहिता लाईट गेली तरी आधीची शाबूत असते.