मंगलदास ते दादर: कर्मिटच्या आतला हात

मंगलदास मार्केट रविवारी बंद असतं. म्हणून बाहुल्यांच्या सामानाची फेरी शनिवारी काढावी, तीही अकरानंतर. त्याआधी बरीच शटरं अर्धीच वर असतात. सीएसएमटीहून क्रॉफर्ड मार्केट पायी दहा मिनिटांवर आहे. टॅक्सीच्या नादी लागू नये, तेवढा वेळ सिग्नललाच जातो. आमच्यातले सगळेच मपेट्सवेडे. मपेट्स म्हणजे जिम हेन्सन यांच्या अमेरिकन टीव्हीवरच्या बाहुल्या, कर्मिट बेडूक त्यातला म्होरक्या. त्यामुळे ‘जिम हेन्सन गेल्यावर गाडं नेमकं कुठं घसरलं’ हा वाद भुयारी मार्गातच पेटला.

हेन्सन 16 मे 1990 ला गेले, वयाच्या 53 व्या वर्षी. तोवर कर्मिट ते स्वतःच चालवत आणि बोलवत. त्यानंतर कर्मिटच्या आत स्टीव्ह व्हिटमायर यांचा हात आला आणि 2017 पासून मॅट व्होगेल यांचा. मालकीही फिरत राहिली: 2000 मध्ये जर्मनीची ईएम टीव्ही, 2003 मध्ये परत हेन्सन कुटुंब, 2004 मध्ये डिस्ने. एका गटाचं म्हणणं, कर्मिट म्हणजेच हेन्सन. ते गेले तेव्हाच त्याला निवृत्त करायला हवं होतं. दुसरा गट म्हणतो, ती भूमिका आहे, हात बदलला तर बदलू दे.

मंगलदासच्या गल्ल्यांत ‘पोलर फ्लीस’ म्हणून विचारावं. मुंबईला थंडीच नाही, त्यामुळे रंग मोजकेच मिळतात आणि बेडकाचा तो हिरवा सहसा मिळतच नाही. मग पांढरं कापड घेऊन घरी रंगवू, असं कुणालाही वाटतं. करू नये. हे फ्लीस पॉलिएस्टरचं असतं, सुती कपड्यांचा रंग त्यावर चढत नाही. मपेट्सचे कारागीर वापरत आले ते अँट्रॉन फ्लीस नायलॉनचं. ते हवं तसं रंगवता येतं आणि त्याची लव शिवण गिळून टाकते. आपल्याकडे मग तयार रंगातलंच कापड घ्यायचं, 58 इंच पन्ह्याचं एक मीटर. एका हातबाहुलीला ते पुरतं, वर चाचणीचं डोकंही निघतं. कापण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात: कापड जिकडे ताणलं जातं ती दिशा डोक्याभोवती आडवी यायला हवी आणि लव वरून खाली. ताण उभा गेला तर तोंड उघडताना गालाला चुण्या पडतात.

डोक्याच्या आतला फोम इथं शोधत बसू नये. आपल्या भागातल्या सोफ्याचं सामान विकणाऱ्या दुकानात 12 मिलिमीटर जाडीचा, 32 डेन्सिटीचा मागावा. चिकटवायला सोल्युशन: दोन्ही कडांना पातळ थर, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं आणि मग एकदाच दाबायचं. ओलं असताना जोडलं तर कड सरकते, आणि जाड थर लावला तर वाळल्यावर तिथं कडक कणा उठून तो कापडातून दिसतो. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, वास डोक्यात जातो.

फोमची दुसरी गोष्ट वादात कामाला आली. पॉलियुरेथेन फोम ऊन, हवा आणि दमटपणाने पिवळा पडतो आणि शेवटी भुगा होतो. मुंबईच्या पावसाळ्यात तर लवकरच. म्हणजे फोमची बाहुली मुळातच नाशवंत. हेन्सन हयात असतानाही कर्मिट पुन्हापुन्हा नवा शिवला जात होता. 1955 चा पहिला कर्मिट हेन्सन यांच्या आईच्या जुन्या कोटातून निघाला होता, आणि तो तेव्हा बेडूकही नव्हता. ‘मूळ कर्मिट’ म्हणून गळा काढणाऱ्यांनी आधी कुठला मूळ ते सांगावं.

तरी त्या गटाच्या बाजूने एक मुद्दा जबर आहे. कर्मिटच्या डोक्यात आधार फार थोडा. चेहरा बनतो तो आतल्या मुठीने. ओठ मुडपणं, नाक आक्रसणं, सगळी बोटांची कामं. मिस पिगीचं डोकं फोमचं, तिचा चेहरा बराचसा आधीच घडलेला असतो. म्हणून फ्रँक ऑझ यांच्याकडून एरिक जेकबसन यांच्याकडे पिगी आली तेव्हा एवढा गहजब झाला नाही. कर्मिटचा हात बदलला की चेहराच बदलतो, आणि नजर असलेल्याला ते आवाजाच्या आधी कळतं.

क्रॉफर्ड मार्केटवरून लोकमान्य टिळक मार्गाने सरळ चालत गेलं की धोबीतलाव. मेट्रो सिनेमाच्या आसपास खेळाच्या सामानाची दुकानं आहेत, तिथं टेबल टेनिसचे चेंडू घ्यावेत. कर्मिटचे पहिले डोळे अशाच अर्ध्या चेंडूंचे होते. तेव्हाचा चेंडू 38 मिलिमीटरचा, 2000 नंतर 40 चा झाला, म्हणजे जुना नमुना छापून घेतला असेल तर डोळ्यांची भोकं किंचित वाढवावीत. सांधा दिसणारा चेंडू निवडावा, त्या रेषेवर कापला की दोन्ही अर्धे सारखे निघतात. जुना सेल्युलॉइडचा चेंडू हाती लागला तर तापवलेलं पातं चुकूनही लावू नये, भडकन पेटतो. बुबुळं चिकटवण्याआधी टाचणीने टोचून लांबून पाहावं. ती किंचित नाकाकडे वळलेली हवीत. अगदी मधोमध लावली तर बाहुली समोरच्याच्या आरपार बघते. हेन्सन यांचे कारागीर डॉन साहलिन याच जागेसाठी नावाजलेले होते.

कयानीत बन मस्का आला तेव्हा मी माझं म्हणणं टेबलावर ठेवलं. हात बदलल्याने मपेट्स घसरले नाहीत, लेखणी बदलल्याने घसरले. मपेट्सचा 1992 चा नाताळचा चित्रपट बघा. हेन्सन जाऊन जेमतेम दोन वर्षं झालेली, कर्मिटच्या आत नवा हात, दिग्दर्शक ब्रायन हेन्सन यांचा हा पहिलाच मोठा चित्रपट. तरी आज कट्टर चाहतेही त्याला मानतात. कारण पटकथा जेरी जूल यांची होती, आणि ते 1961 पासून हेन्सन यांच्यासोबत होते. उलट मपेट्सची 2015 ची, एबीसी वाहिनीवरची मालिका घ्या. हात तोच व्हिटमायर यांचा, 25 वर्षं मुरलेला, आणि 16 भागांत कारभार आटोपला. ऑफिसातली कुरबूर आणि कर्मिट-पिगीचा काडीमोड हे त्या मंडळींचं जग नव्हतंच.

यावर समोरून उत्तर आलं की व्हिटमायर यांना काढलं ते पात्राच्या वागण्यावर ते लेखकांशी वाद घालत म्हणूनच. त्यांनी स्वतः तसं जाहीर सांगितलं. स्टुडिओने मात्र त्यांच्या कामातल्या वागणुकीकडे बोट दाखवलं. कुणाचं खरं ते बाजूला ठेवलं तरी, बाहुलीवाल्याने लेखनावर बोलायचं की नाही, या प्रश्नावर सगळेच काही क्षण बन चावत राहिले.

मरीन लाइन्सहून दादरला स्लो लोकल. उभ्याने जाताना विषय ‘वस्त्रहरण’वर घसरला, घसरणारच. मच्छिंद्र कांबळी 2007 मध्ये गेले, तात्या सरपंच पुढे दुसऱ्यांनी उभा केला. कुरकुर झाली, पण संहिता गंगाराम गवाणकरांचीच राहिली. अर्धवटराव तर यशवंत पाध्यांकडून रामदास पाध्यांकडे घरातच आला, 1967 मध्ये. तिथं मालक, लेखक, हात आणि आवाज एकाच घरात. भांडायला तिसरा कोण? आणि तात्या विंचू? 1993 च्या त्या चित्रपटात बाहुली पाध्यांची, आवाज दिलीप प्रभावळकरांचा. डबिंगच्या या शहरात कुणाला ते खटकलंही नाही. मपेट्समध्ये हात आणि आवाज एकाच माणसाचे असतात, म्हणून तिथली बदली दुप्पट बोचते.

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर सरावाची बाहुली बाहेर निघाली. आपला उजवा हात बाहुलीच्या डोक्यात, डावा तिचे हात हलवणाऱ्या काड्यांवर. बहुतेक मपेट्स डावखुरे दिसतात ते यामुळेच. काड्यांना मोडक्या छत्रीच्या काड्या चालतात, फक्त टोकं टेपने गुंडाळावीत. तोंड उघडताना अंगठा खाली न्यायचा, वरची बोटं स्थिर. बोटं उचलली की डोकं मागे फेकल्यासारखं होतं. उघडायचं ते स्वर सुरू होताना. नवखे नेमके त्याच वेळी मिटतात. टीव्हीवर बाहुलीवाला आपली बाहुली मॉनिटरच्या पडद्यावर बघत चालवतो. सरावाला मॉनिटर म्हणून मोबाइल लावला, तर सेल्फीचं चित्र आरशासारखं उलटं दिसतं आणि टीव्हीच्या मॉनिटरवर ते सुलट असतं. सेल्फीवर घोटलेला हात खऱ्या मॉनिटरसमोर उलट्या दिशेला जातो. म्हणून मागचा कॅमेरा लावून चित्र दुसऱ्या फोनवर घ्यावं.

व्होगेल यांचा कर्मिट ‘मवाळ’ वाटतो, अशी तक्रार तेवढ्यात पुन्हा आली. बाहुली त्या तक्रारखोराच्या हातात देण्यात आली: हात डोक्याच्या वर, कोपर सरळ, आणि एक अख्खं गाणं. दुसऱ्या कडव्याला बेडूक कलू लागला, तोवर भेळवाला आला होता.