सुरमईच्या तुकडीसोबत केजन भेंडी आणि मका

रविवारी आमच्या ठाण्याच्या घरी मासे तळले जातात, यात कुणाला काही विचारायचं नसतं. ताटातलं बाकीचं मात्र बदलतं. हल्ली सुरमईच्या तुकडीशेजारी भाताबरोबर केजन पद्धतीची भेंडी नाही तर मका असतो, आणि सासूबाईही दुसऱ्यांदा वाढून घेतात.

केजन म्हटलं की आपल्याकडे फ्राइजवर भुरभुरलेला लाल मसालाच आठवतो. मला हे पटत नाही. कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया भागातून ब्रिटिशांनी १७५५ पासून फ्रेंच बोलणाऱ्या अकेडियन लोकांना हुसकावून लावलं. त्यांतले बरेच जण पुढे अमेरिकेतल्या दक्षिण लुइझियानात येऊन वसले, त्यांचे वंशज म्हणजे केजन, आणि तिथल्या शेता-खाड्यांत जे मिळेल त्यावर त्यांचा स्वयंपाक उभा राहिला. या जेवणाचा पाया तीन भाज्यांचा आहे: कांदा, सेलरी आणि हिरवी ढोबळी मिरची. तिन्ही बारीक चिरून सावकाश परतायच्या. ही पायरी घाईत उरकली तर वरून कितीही मसाला घाला, ती चव येत नाही.

आता भेंडी. आपण भेंडीवर झाकण ठेवत नाही, पाण्याचा हात लागू देत नाही, टोमॅटोही जपून घालतो. लुइझियानात बरोबर उलटं करतात. भेंडी तिकडे आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांमुळे पोचली आणि केजन घरांनी ती मनापासून आपली केली. अर्धा किलो कोवळी भेंडी धुऊन, पुसून, अर्ध्या बोटाएवढ्या चकत्या करायच्या. जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात तीन चमचे तेल, त्यात एक मोठा कांदा, अर्धी ढोबळी मिरची, सेलरीचा एक दांडा आणि चार लसूण पाकळ्या. कांदा पारदर्शक झाला की भेंडी, दोन पिकलेले टोमॅटो, चमचाभर व्हिनेगर, मीठ, मिरपूड आणि थोडं लाल तिखट. लोखंडी कढई इथे नको, भेंडी काळी पडते.

मग झाकण ठेवून मंद आच, निदान पाऊण तास. मधूनमधून तळापासून हलवायचं. पहिल्या दहा मिनिटांत इतकी तार सुटते की कुणालाही वाटेल भाजी गेली. तशीच राहू द्या. टोमॅटो आणि व्हिनेगरच्या आंबटपणाने आणि वेळेने ती तार मोडते. शेवटी भेंडी मऊ होऊन टोमॅटोत मुरते आणि कडेला तेल दिसू लागतं. ही चव आपल्या कुरकुरीत भेंडीत कधीच मिळणार नाही, म्हणून मी दोन्ही प्रकार करते.

मक्याच्या प्रकाराला तिकडे माक शू म्हणतात. पावसाळ्यात कणसं ताजी असतात तेव्हाच करा, फ्रोजन दाण्यांत तो जीव नसतो. चार कणसांचे दाणे सुरीने कापून घ्यायचे आणि मग रिकाम्या कणसावरून सुरीची पाठ दाबून फिरवायची. जो दुधासारखा चीक निघतो तोच या भाजीला दाटपणा देतो. बटरवर तीच त्रयी परतायची, दाणे आणि चीक घालायचा, एक टोमॅटो, मीठ, मिरपूड, आणि दहा-बारा मिनिटं झाकून शिजवायचं. काहीजण क्रीम घालतात; मी दोन चमचे साय घालते, तीही फक्त पाहुणे असतील तर.

मांसाहारी घरांसाठी डर्टी राइस आहेच. चिकनवाल्याकडून कलेजी-पेटा आणून अगदी बारीक करायचा आणि चांगला तपकिरी होईपर्यंत परतायचा. मग त्रयी, थोडं चिकनचं पाणी, मिरपूड आणि शेवटी मोकळा भात. भाताला जो मळकट रंग येतो तो त्या परतलेल्या कलेजीचा, म्हणून तिथे कंजूषपणा करू नका. भात सकाळचा गार झालेला असला तर दाणे मोडत नाहीत.

केजन मसाल्याचं पाकीट विकत आणू नका, त्यात बहुतेक वेळा मीठच जास्त असतं. घरी काश्मिरी तिखट, मिरपूड, लसूण पावडर, थोडं झणझणीत तिखट, ओरेगॅनो आणि थाइम एकत्र करून बरणीत ठेवा; मीठ वेगळं घाला. सेलरी जांभळी नाक्याला ब्रोकोली-झुकिनी ठेवणाऱ्यांकडे विचारा. नाहीच मिळाली तर कोथिंबिरीच्या कोवळ्या काड्या चिरून घाला. वास वेगळा येतो, पण भाजी अडत नाही.

आणि भेंडी नेहमी जास्तच करा. उरलेली डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवली की पुढच्या रविवारी कोलंबीच्या सालींचं पाणी उकळून, गाळून त्यात ती घालायची, वरून सोललेली कोलंबी सोडायची, आणि भातावर ओतायला लुइझियानातल्या गंबोसारखा दाट रस्सा अर्ध्या तासात तयार होतो.