मायची शुगरची गोळी आणि केमोचे सहा महिने

मायला अकरा वर्षांपासून शुगर. सकाळ-संध्याकाळ जेवणासोबत मेटफॉर्मिन ५००, एवढंच औषध. गेल्या वर्षी छातीत गाठ निघाली, ब्रेस्ट कॅन्सरची; ऑपरेशन झालं आणि नागपूरला केमो ठरली. त्याच आठवड्यात भावाच्या मोबाइलवर मेसेज आला : शुगरची गोळी कॅन्सरला मारते, केमोसोबत दुप्पट घ्या.

भाऊ म्हणे, "घरातच हाये औषध, तं देऊन पाहू ना."

मी म्हटलं, "डॉक्टरले इचारल्याबिगर एकही गोळी वाढवाची नाही."

दारव्ह्याहून पहाटेची एसटी, यवतमाळला गाडी बदलून नागपूर. ओपीडीत मी तो मेसेजच डॉक्टरबाईंपुढे धरला. त्यांनी तो पूर्ण वाचला आणि नीट समजावून सांगितलं. याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे, कारण आमच्या मागे अख्खी रांग उभी होती.

मेसेज हवेतून आलेला नव्हता. २००५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डायबिटीसच्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत कॅन्सर कमी दिसला. ही गोळी पेशीत ऊर्जा तयार होते तिथेच लगाम घालते आणि रक्तातलं इन्सुलिनही उतरवते. म्हणून केमोला तिची जोड द्यावी, अशी आशा जगभर धरली गेली. मग ब्रेस्ट कॅन्सरच्या, पण डायबिटीस नसलेल्या ३,६४९ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. निम्म्यांना ८५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच वर्षं. उरलेल्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. २०२२ मध्ये निकाल छापून आला. ज्या मुख्य गटासाठी ही चाचणी आखली होती, त्यात कॅन्सर परतण्याचं प्रमाण कमी झालं नाही. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये केमो-रेडिएशनसोबत देऊन पाहिली, तिथेही २०२१ च्या दोन चाचण्यांत फायदा दिसला नाही.

"गोळी बंद करू नका आणि वाढवूही नका," बाई म्हणाल्या. "ती शुगरसाठी आहे. शुगर हाताबाहेर गेली तर जखम चिघळते, इन्फेक्शन होतं आणि केमो पुढे ढकलावी लागते."

हे किती खरं होतं ते पहिल्याच केमोला कळलं. उलटी होऊ नये म्हणून डेक्सामेथासोन देतात. हे स्टिरॉइड शुगर भडकवतं. संध्याकाळी घरच्या मशीनवर ३४२. मी घाबरून फोन लावला. केमोनंतरचे दोन-तीन दिवस इन्सुलिन ठरलं आणि मी वही घातली : तारीख, उपाशीपोटीची शुगर, जेवणानंतरची शुगर, काय खाल्लं. कॅन्सरचे डॉक्टर आणि गावाकडचे शुगरचे डॉक्टर एकमेकांशी कधी बोलले नाहीत. त्यांच्यामधला निरोप्या ती वहीच झाली.

तिसऱ्या केमोनंतर मायच्या पोटात पाणीही टिकेना. असं झालं तर मेटफॉर्मिन थांबवून लगेच फोन करा, हे आधीच सांगून ठेवलेलं होतं. अंगातलं पाणी आटलं की किडनीवर ताण येतो, गोळी साचते आणि रक्तात आम्ल वाढू शकतं. यवतमाळला सलाइन लागलं, किडनी नीट चालते का ते कळायला रक्तातलं क्रिएटिनिन तपासलं, मगच गोळी परत सुरू झाली. डाय टाकून सीटी स्कॅन करायच्या आधीही ही गोळी चालू असल्याचं मी न विसरता सांगायचे.

सगळ्यात जास्त मनाला लागलं ते बोटांचं. पुढची केमो पॅक्लिटॅक्सेल नावाच्या औषधाची, दर आठवड्याला. सात-आठ झाल्या आणि मायला ब्लाउजचं हूक लागेना. तळपाय बधिर. दिवाळीनंतर हट्टानं कापूस वेचणीला गेली, तर सुकलेल्या बोंडाचं टोक बोटात रुतून रक्त आलं आणि तिला पत्ताच नाही. "बोटं माह्यी नाहीतच वाटते बाई," म्हणाली.

केमोचाच परिणाम, असं सगळे म्हणत होते. पण मी वही पुढे केली आणि अकरा वर्षांची मेटफॉर्मिन पाहून डॉक्टरबाईंनी बी-१२ हे व्हिटॅमिन तपासायला सांगितलं. फार कमी निघालं. ही गोळी वर्षानुवर्षं घेतली की बी-१२ घटू शकतं आणि त्यानंही हातपाय बधिर होतात. आमच्या गावात कितीतरी जण हीच गोळी घेतात. ही तपासणी कुणाला सांगितल्याचं मी ऐकलं नव्हतं. इंजेक्शनं सुरू झाली, पॅक्लिटॅक्सेलचा डोस थोडा उतरवला. बारा पूर्ण झाल्या.

पायाची बधिरता अजून आहे. मेटफॉर्मिन तीच, सकाळ-संध्याकाळ ५००. हूक मात्र आता माय स्वतः लावते, आणि दुसरी वही भरत आली आहे.